कोलिब्रीवर कोणती फाइल चालते, आणि कोणती चालूनही उपयोगाची नसते

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. धडगाव तालुक्यातील एका आश्रमशाळेत पंधरा टॅब्लेट, एक रास्पबेरी पाय (तळहातावर मावणारा छोटा संगणक) आणि एक साधा राउटर यांवर तुम्ही कोलिब्री ही इंटरनेटशिवाय शिक्षणसाहित्य दाखवणारी मोफत प्रणाली बसवली आहे. शाळेत इंटरनेट नाही. शिक्षकांनी सहा-सात वर्षांत जमवलेले सुमारे ६० जीबी साहित्य एका हार्ड डिस्कवर पडून आहे. त्यात मोबाइलवर चित्रित केलेले पाठ, पीपीटी, वर्डच्या फाइली, पुस्तकांचे स्कॅन आणि थोड्या ध्वनिफिती आहेत. यांपैकी कोणते फॉरमॅट कोलिब्री घेते आणि उरलेले कशात रूपांतरित करावेत, असे तुम्ही विचारले आहे.

यादीपुरते उत्तर सोपे आहे. व्हिडिओसाठी एमपी४, ध्वनीसाठी एमपी३, वाचनासाठी पीडीएफ आणि ईपब (ई-पुस्तकाची फाइल), परस्परसंवादी साहित्यासाठी झिप केलेले एचटीएमएल (वेबपान) किंवा एचफाइव्हपी (तयार साच्यांतून केलेले उपक्रम), आणि यांच्या जोडीला कोलिब्रीचे स्वतःचे सराव-प्रश्न. अलीकडच्या आवृत्त्यांत ब्लूम या पुस्तके तयार करण्याच्या प्रणालीतील फाइलीही चालतात. पीपीटी, वर्ड आणि एक्सेल मात्र चालत नाहीत. ही यादी हाती आली की बहुतेक जण जे दिसेल त्याची पीडीएफ करून टाकतात, कारण पीडीएफ करायला एक बटण पुरते. मीही पहिल्या वर्षी तेच केले होते. चारशेहून अधिक पीडीएफ चढवल्या आणि वर्षअखेरीस कोलिब्रीतला शिक्षकांसाठीचा अहवाल उघडला, तेव्हा मुलांनी त्यांतल्या बहुतेक फाइली एकदा उघडून अर्धवट सोडून दिल्याचे दिसले. म्हणून फाइल उघडते की नाही हा प्रश्न मी आता दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. त्या फाइलीसमोर बसलेल्या मुलाने नेमके काय करायचे आहे, हे आधी ठरवते आणि फॉरमॅट त्यावरून निवडते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. टॅब्लेटची रॅम किती आहे, ते सगळे एकाच वेळी वापरले जातात की आळीपाळीने, मूळ संपादनयोग्य फाइली उपलब्ध आहेत की फक्त त्यांचे छापील रूप उरले आहे, आणि शाळेत हे काम सांभाळणारी व्यक्ती बदली झाल्यावर कोण सांभाळणार, यांवर माझी काही उत्तरे बदलतील. जिथे तसे आहे तिथे मी सांगत जाईन.

आधी साहित्य आत कसे जाते ते स्पष्ट करते, कारण इथेच पहिला गैरसमज होतो. रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डवर एखाद्या फोल्डरमध्ये पीडीएफ टाकली म्हणून ती कोलिब्रीत दिसत नाही. साहित्य कोलिब्री स्टुडिओ या इंटरनेटवरील साधनात चढवावे लागते, तिथे त्याचे चॅनेल (साहित्याचा संच) करून ते प्रकाशित करावे लागते, आणि मग चॅनेलचा टोकन (त्याचा ओळख-संकेत) वापरून इंटरनेट असलेल्या एखाद्या लॅपटॉपवरील कोलिब्रीत ते उतरवून घ्यावे लागते. तिथून ते पेनड्राइव्हवर एक्स्पोर्ट करून शाळेतल्या पायवर इम्पोर्ट करता येते, किंवा तोच लॅपटॉप शाळेत नेऊन स्थानिक नेटवर्कवरून थेट देता येते. कोलिब्री फाइली त्यांच्या नावाने साठवत नाही. फाइलीच्या मजकुरावरून काढलेल्या ३२ अक्षरांच्या सांकेतिक नावाने ती साठवते, आणि तेच व्हिडिओ दोन चॅनेलमध्ये असले तरी डिस्कवर एकदाच जागा घेतात. कार्ड उघडून पाहणाऱ्याला त्यामुळे आत फक्त अगम्य नावांची रांग दिसते आणि काहीतरी बिघडले आहे असे वाटते. बिघडलेले काही नसते. स्टुडिओच्या नव्या खात्याला सुरुवातीला ५०० एमबी जागा मिळत होती आणि वाढवून हवी असल्यास अर्ज करावा लागत होता. तेव्हा ६० जीबी जसेच्या तसे चढवण्याचा विचार सोडून द्यावा. माझ्या अनुभवात अशा हार्ड डिस्कमधून खरोखर वापरण्याजोगे साहित्य तीन-चार जीबीच्या वर निघत नाही.

व्हिडिओबद्दल जरा सविस्तर लिहिते. कोलिब्री बनवणाऱ्या लर्निंग इक्वॅलिटी या संस्थेची आधीची प्रणाली, २०१२ ची केए लाइट, खान अकॅडमीचे व्हिडिओ आणि सराव इंटरनेटशिवाय दाखवण्यासाठीच होती. २०१७ मध्ये आलेल्या कोलिब्रीतही हेच दोन प्रकार सर्वांत मुरलेले आहेत, आणि व्हिडिओ बिघडला तर दोष बहुधा आपल्या फाइलीत असतो. एमपी४ हे पोत्याचे नाव आहे, आत कोणते धान्य आहे ते त्यावरून कळत नाही. नव्या मोबाइलपैकी बरेच फोन एमपी४ नावाच्या फाइलीत एच.२६५ पद्धतीने चित्र भरतात, आणि जुन्या टॅब्लेटच्या ब्राउझरवर अशा फाइलीचा आवाज ऐकू येतो पण पडदा काळा राहतो. आत चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी असला पाहिजे. हँडब्रेक हे मोफत साधन दोन्ही करून देते, आणि त्यातील ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ या पर्यायावर खूण करण्यास विसरू नये. त्या खुणेमुळे फाइलीची सूची तिच्या सुरुवातीला येते, आणि मुलाने मध्येच पुढे सरकवले तरी व्हिडिओ अडून बसत नाही.

आकाराचा हिशेब मी नेहमी वहीत मांडते. मोबाइलवर १०८० रेषांत चित्रित केलेला व्हिडिओ सेकंदाला सुमारे १७ मेगाबिट घेतो असे धरले, तर दहा मिनिटांचा पाठ साधारण १,२७५ एमबी होतो. पंधरा टॅब्लेटवर तो एकाच वेळी सुरू केला तर राउटरला सेकंदाला २५५ मेगाबिट वाहून न्यावे लागतील, आणि साध्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या राउटरला ते जमणार नाही. तोच पाठ ४८० रेषांवर, सेकंदाला ६०० किलोबिट या दराने आणला की फाइल ४५ एमबीची होते आणि पंधरा टॅब्लेटची मिळून गरज ९ मेगाबिटवर येते. मुले ‘सर, गोल गोल फिरतंय’ म्हणतात तेव्हा पायला दोष देण्याआधी हा गुणाकार करून पाहावा. एक अपवाद मात्र आहे. फळ्यावरचे बारीक अक्षर ४८० रेषांवर वाचता येत नाही. तिथे मी ७२० रेषा ठेवते आणि सेकंदाला चित्रे पंधरापर्यंत कमी करते, कारण फळा हलत नाही आणि गुरुजींचा हात थोडा तुटक दिसला तरी कोणाचे नुकसान होत नाही.

ध्वनीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, आणि तुमच्या शाळेत माझी खरी भिस्त त्यावरच राहील. धडगाव परिसरातील पुष्कळ मुलांच्या घरची भाषा पावरी किंवा भिली आहे आणि मराठी त्यांना शाळेत भेटते. एकाच आवाजाच्या ध्वनिफितीला ६४ किलोबिटचा दर पुरतो. त्या हिशेबाने दहा मिनिटांची गोष्ट पाच एमबीच्या आत बसते, म्हणजे वरच्या ४५ एमबीच्या एका व्हिडिओच्या जागेत तशा नऊ गोष्टी येतात. गावातील एखाद्या आजीकडून गोष्ट पावरीत सांगवून घ्यावी, पंखा बंद करून, जाड गोधडी टांगलेल्या खोलीत ती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी आणि एमपी३ करावी. त्याच गोष्टीचे मराठी रूप शेजारी ठेवावे. शब्द वाचले जात असताना तो मजकूर पडद्यावर उजळत जावा असे वाटत असेल, तर तेच काम ब्लूममध्ये करता येते. तिथे आवाज प्रत्येक वाक्याशी जुळवावा लागतो, त्यामुळे वेळ बराच जातो. पहिल्या सत्रात ते करू नये असे माझे मत आहे.

आता पीडीएफ. तिला माझा विरोध नाही. नकाशे, आकृत्या आणि जिथे पानाची मांडणी हाच आशय आहे अशा साहित्याला पीडीएफच योग्य. पण दोन खड्डे आहेत. पहिला स्कॅनचा. एका शाळेसाठी आम्ही ९६ पानांचे पुस्तक रंगीत आणि ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केले होते. फाइल १८० एमबीची झाली, माझ्या लॅपटॉपवर सुरेख उघडली, आणि दोन जीबी रॅमच्या टॅब्लेटवर तिसऱ्या पानाला ब्राउझर बंद पडू लागला. मुलांनी तीन दिवस ‘पुस्तक पडतंय’ अशी तक्रार केली आणि आम्ही तीन दिवस वायफाय तपासत बसलो. तेच पुस्तक करड्या छटांत १५० डीपीआयवर आणून, प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल केल्यावर प्रश्न मिटला. प्रकरणे वेगळी केल्याचा दुसरा फायदा असा की कोणते मूल कोणत्या प्रकरणापर्यंत आले ते शिक्षकांना दिसते. ९६ पानांच्या एका फाइलीत ते कळायला मार्ग नव्हता.

दुसरा खड्डा खास आपला आहे. तुमच्या वर्ड फाइली सहा-सात वर्षांत जमलेल्या आहेत म्हणता, तेव्हा त्यांतील निम्म्या तरी श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी सुरेख यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असण्याची शक्यता आहे. अशा फाइलीची पीडीएफ केली की ती डोळ्यांना बरोबर दिसते, कारण फॉन्ट आत बसवलेला असतो. आतली अक्षरे मात्र मराठी नसतात, इंग्रजी चिन्हांवर चढवलेला तो मराठी मुखवटा असतो. त्यामुळे शोध चालत नाही, मजकूर उचलून दुसरीकडे डकवता येत नाही, आणि तीच फाइल ईपबमध्ये नेली की मुखवटा उतरून निव्वळ इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उरतो. तपासण्याची युक्ती सोपी आहे: एक परिच्छेद उचलून साध्या नोटपॅडमध्ये डकवा. मराठी दिसले तर युनिकोड (अक्षरे खरोखर मराठी म्हणून साठवणारी पद्धत), नाहीतर आधी परिवर्तकातून (जुन्या फॉन्टचे युनिकोड करणाऱ्या साधनातून) काढा आणि मग शुद्धलेखन हाताने तपासा. परिवर्तक ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे सरकवतात आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांमधील अर्धा र हमखास बिघडवतात. ज्या फाइलीत कधीच बदल करायचा नाही तिची पीडीएफ करून मोकळे व्हावे. जी पुढच्या वर्षी सुधारायची आहे ती मात्र युनिकोडमध्ये आणल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ईपब मी वाचनाच्या सलग मजकुरासाठी वापरते. टॅब्लेट सात इंचांचा असेल तर ए४ आकाराच्या पीडीएफवर मुलाला प्रत्येक ओळीसाठी बोटांनी मोठे-लहान करावे लागते. ईपबमध्ये अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने जुळतात. ईपब किंवा एचटीएमएल करताना दस्तऐवजाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवावी. नोटोसारख्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे वेगळी दिलेली आहेत, आणि भाषा नोंदवलेली नसेल तर मुलांसमोर हिंदी वळणाचा ल येतो. मोठ्यांना तो जाणवत नाही. नुकतीच अक्षरओळख झालेल्या पहिलीच्या मुलीने मात्र मला ‘हे कोणतं अक्षर?’ असे विचारले आहे. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवरील मराठी गोष्टी सीसी बाय ४.० या, श्रेय देऊन मुक्तपणे वापरू देणाऱ्या परवान्याखाली मिळतात, आणि त्यांपासून सुरुवात केली तर वाचनाच्या शेल्फासाठी तुम्हाला काहीच टंकावे लागणार नाही. त्या चित्रगोष्टी असल्यामुळे तिथे पीडीएफही शोभते.

परवान्याचा उल्लेख आलाच आहे, तर हेही सांगून ठेवते. स्टुडिओ प्रत्येक फाइलीसाठी परवाना विचारतो आणि तो भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. हार्ड डिस्कवरील यूट्यूबचे व्हिडिओ आणि खासगी प्रकाशनांच्या मार्गदर्शकांचे स्कॅन इथेच बाजूला काढावेत. बालभारतीची पुस्तके पीडीएफ रूपात मोफत उतरवून घेता येतात, पण त्यांचे स्वामित्वहक्क मंडळाकडे आहेत. त्यांची पाने तोडून आपल्या नावाने चॅनेल प्रकाशित करणे योग्य नाही.

एचटीएमएलच्या खेळांबद्दल आणि उपक्रमांबद्दल नियम थोडे आहेत, पण ते मोडले की काहीच दिसत नाही. झिप उघडल्यावर पहिल्याच पातळीवर ‘इंडेक्स’ नावाची एचटीएमएल फाइल असली पाहिजे. विंडोजवर फोल्डरवर उजवी टिचकी मारून झिप केली की फोल्डरच आत जातो, इंडेक्स एक पायरी खाली राहते आणि पडदा कोरा येतो. फोल्डर उघडून, आतील सगळ्या फाइली निवडून, मग झिप करावी. फाइलींची नावे इंग्रजी लहान लिपीत, मोकळी जागा न ठेवता द्यावीत. विंडोज नावातील मोठे-लहान अक्षर एकच मानते, कोलिब्रीत ते दोन वेगळे ठरतात आणि चित्र गायब होते. सर्वांत फसवा प्रकार बाहेरून येणाऱ्या गोष्टींचा आहे. खेळ बनवणाऱ्याने फॉन्ट किंवा एखादी जावास्क्रिप्ट लायब्ररी इंटरनेटवरून मागवली असेल, तर तुमच्या घरी तो खेळ छान चालतो आणि शाळेत मरून पडतो. आमच्या बाबतीत अपूर्णांकांचा एक सुंदर खेळ असाच तालुक्याच्या प्रशिक्षणात सगळ्यांसमोर चालला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फक्त निळी चौकट दाखवत राहिला. तेव्हापासून मी चाचणी घेताना आधी इंटरनेटची तार काढून ठेवते आणि ब्राउझरची साठवलेली माहितीही पुसते, कारण आदल्या दिवशीची लायब्ररी तिथे दडून बसलेली असते.

प्रोग्रॅमिंग येत नसेल तर एचफाइव्हपी हा मधला मार्ग आहे. लुमी नावाचे मोफत साधन लॅपटॉपवर बसवले की इंटरनेटशिवायही जोड्या लावा, रिकाम्या जागा भरा, चित्रावर योग्य जागी टिचकी मारा असे उपक्रम करता येतात आणि आवश्यक ते सगळे एकाच फाइलीत बांधले जाते. तुमच्या पीपीटींचे मी तीन ढीग करीन. ज्या पीपीटीत नुसताच मजकूर आहे, त्यातला मजकूर काढून ईपब करावा. जिथे आकृती पायरीपायरीने उलगडते तिथे शिक्षकांनी स्वतःच्या आवाजात समजावत पडद्याचे चित्रण करावे आणि व्हिडिओ करावा, कारण पीडीएफ केली की पायऱ्या एकावर एक चढून पान काळे होते. ज्यात शेवटी प्रश्न आहेत ते प्रश्न मात्र काढून सराव म्हणून वेगळे करावेत.

सराव हा प्रकार तुमच्या यादीत नव्हता, आणि माझ्या दृष्टीने तो सर्वांत मोलाचा आहे. व्हिडिओ किंवा पीडीएफ मुलाने पूर्ण केली का आणि तिच्यावर किती वेळ घालवला हे कोलिब्री शिक्षकांना दाखवते, पण पाने उलटणे म्हणजे वाचणे नव्हे. स्टुडिओत तयार केलेल्या सरावात एक-पर्यायी, बहुपर्यायी, चूक-बरोबर आणि संख्यात्मक उत्तराचे प्रश्न घालता येतात, चित्रे आणि गणिती सूत्रे देता येतात, सूचना देता येतात, आणि दहांपैकी आठ बरोबर आले की प्रभुत्व मानावे असे ठरवता येते. कोणत्या मुलाचा कोणता प्रश्न किती वेळा चुकला हे शिक्षकांच्या पडद्यावर दिसते. पाचवीच्या एका वर्गात ३०५ मधून १२८ वजा करताना चौदा मुलांनी २२३ हे उत्तर निवडले होते. प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करण्याची ती चूक पर्यायांत मुद्दाम ठेवली होती, म्हणूनच ती पकडली गेली. संख्यात्मक उत्तरे ठेवायची असतील तर मुले टॅब्लेटच्या मराठी कळपाटावरून देवनागरी अंक टंकतील की इंग्रजी, आणि ते स्वीकारले जातात का, हे तुमच्याच टॅब्लेटवर आधी तपासून घ्या. मी लहान वर्गांसाठी पर्यायच देते.

व्हिडिओखाली बोलण्याच्या ओळी (सबटायटल) दाखवायच्या असतील तर त्या व्हीटीटी या प्रकारच्या फाइलीत द्याव्या लागतात. नोटपॅडमध्ये जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर पडद्याखाली प्रश्नचिन्हांची रांग येते.

सुरुवात कुठून करावी, तर पाचवीच्या गणितातील एकच घटक घ्या. त्याचा एक व्हिडिओ, एक पावरी-मराठी ध्वनिफीत आणि पंधरा प्रश्नांचा एक सराव एवढेच चॅनेल करा. ५०० एमबीत ते सहज बसते. चॅनेलच्या नावात वर्ष लिहा, कारण स्टुडिओत दुरुस्ती केली तरी पायवरची प्रत तुम्ही पुन्हा पेनड्राइव्ह नेईपर्यंत जुनीच राहते आणि समोर कोणती प्रत आहे याबद्दल घोळ होतो. मग तुमच्याकडील सर्वांत जुना, सर्वांत मंद टॅब्लेट शोधा आणि चाचणी त्याच्यावरच घ्या. शाळेत तो बहुधा कपाटात, चार्जरशिवाय, कोणीच मागत नाही म्हणून ठेवलेला सापडेल.